लोकलमध्ये ख्याल ऐकायचा आहे : पाच ते आठ हजारांत इनइअर कोणते?

बदलापूरकर

नमस्कार मंडळी,

सकाळी बदलापूर ते सीएसएमटी आणि संध्याकाळी उलट, त्यामुळे रोज बराच वेळ कानात काही ना काही असतं. आतापर्यंत बिनतारी बड्स वापरत होतो. आता डाव्याची बॅटरी कल्याण यायच्या आत मान टाकते. सेवा केंद्रात विचारलं तर बॅटरी बदलून मिळत नाही, नवीन जोडी घ्या, असं उत्तर. म्हणून या वेळी तारवाले घ्यावेत असं डोक्यात आहे.

निम्मं ऐकणं शास्त्रीय, त्यातही जुनी ध्वनिमुद्रणं बरीच. उरलेलं नाट्यसंगीत, भावगीतं आणि शुक्रवारी संध्याकाळी नव्वदीतली हिंदी गाणी. फोन अँड्रॉइड आहे, जॅक नाही. धडधड बेस नको, पण तबल्याच्या बायाचा (डाव्या हाताच्या डग्ग्याचा) घुमारा कळला पाहिजे. खर्च पाच ते आठ हजार. एका ठिकाणी वाचावं तर 'हेच घ्या', दुसरीकडे त्यालाच 'कचरा' म्हटलेलं. वापरणाऱ्यांनी सांगा.

खवचट_काका

बदलापूर फास्टमध्ये तुम्हाला खिशातून फोन काढण्याइतकी जागा मिळते? त्या युक्तीवर धागा काढा, हेडफोनचं नंतर बघू. (कृपया हलके घ्या.)

जवारी

बदलापूरकर, मॉडेलांची नावं शेवटी घेऊ. इनइअरचा आवाज कसा लागेल हे सगळ्यात आधी एका गोष्टीवर ठरतं : ते तुमच्या कानाच्या नळीत हवाबंद बसतात का. रबरी टिप आणि कानाची भिंत यांत जराशी फट राहिली की खालचे सूर निसटून जातात. मग माणूस म्हणतो 'यात बेसच नाही', आणि आवाज वाढवतो. आवाज वाढवला की वरचे सूर टोचायला लागतात. 'कचरा आहे हो' छापाची निम्मी परीक्षणं यातूनच जन्माला येतात असा माझा जुना संशय आहे.

तपासायला सोपं आहे. फोनवर टोन जनरेटरचं एखादं फुकट अ‍ॅप घ्या, ५० हर्ट्झचा सूर हळू आवाजात लावा आणि इनइअर बोटाने अलगद आत दाबा. दाबल्यावर सूर एकदम भरला, तर टिप लहान पडते आहे किंवा नीट बसलेली नाही. दोन्ही कानांना एकच माप लागतं असंही नाही. माझ्या उजव्या कानाला मध्यम लागते, डाव्याला मोठी. डब्यात आलेल्या टिप्स बसल्या नाहीत तर वेगळ्या विकत मिळतात. स्पिनफिटच्या चांगल्या असतात, फायनलच्या ई टाइप त्याहून मला आवडतात. फोमच्या टिप्स फट उत्तम बुजवतात, पण वरचे सूर थोडे दाबतात आणि काही महिन्यांत झिजतात.

आता ख्यालाबद्दल. काळी एकला लावलेल्या तानपुऱ्याच्या जोडीच्या तारा १३९ हर्ट्झच्या जवळ असतात आणि खर्ज (सगळ्यात खालचा सा) त्याच्या निम्मा, म्हणजे ६९. फोनच्या इवल्या स्पीकरला हा ६९ काढताच येत नाही. तरी तानपुरा ओळखू येतो, कारण जवारीमुळे (घोडीवरच्या दोऱ्याने तारेला येणाऱ्या झणझणाटामुळे) त्या तारेतून वरचे स्वरांश (मूळ सुराच्या पटीतले सूर) भरभरून निघतात. आपण ज्याला स्वयंभू गंधार म्हणतो तो खर्जाच्या तारेचा पाचवा स्वरांश, ३४६ हर्ट्झच्या आसपास. ही झालर तिथे थांबत नाही, काही हजार हर्ट्झपर्यंत जाते. म्हणजे तानपुरा भरलेला वाटायला खालचा भाग लागतो आणि उघडा वाटायला मधला-वरचा. बेस फुगवलेल्या इनइअरमध्ये खर्ज गुरगुरतो आणि जवारी झाकली जाते. बायाचंही तेच. नुसता 'धुम्म' वाढवलेला असला की हाताच्या दाबाने सूर चढतो-उतरतो ते ऐकूच येत नाही.

दुसरी जागा ३००० हर्ट्झच्या आजूबाजूची. उघड्या कानाची नळी स्वतःच त्या भागातला आवाज वाढवते. इनइअर ती नळीच बुजवतं, म्हणून बनवणाऱ्याला तो उठाव आपल्या बाजूने द्यावा लागतो. कमी दिला तर गायक पडद्यामागे बसल्यासारखा वाटतो. जास्त दिला तर सनई आणि तार सप्तकातली पेटी बोचते. शास्त्रीय ऐकणाऱ्याने निवडताना या दोन जागा बघाव्यात. बाकीचं कौतुक जाहिरातवाल्यांसाठी सोडावं.

मीरा_ठाणे

मी उलट सांगणार. मीही लोकलनेच जाते आणि तार हा प्रकार महिलांच्या डब्यात अशक्य आहे. कुणाच्या पिशवीच्या बंदात अडकते, कुणाच्या केसांच्या क्लिपमध्ये. याच पैशांत नॉइज कॅन्सलिंग (बाहेरचा गोंगाट कमी करणारी सोय) असलेले चांगले टीडब्ल्यूएस (दोन्ही कानांचे सुटे, बिनतारी बड्स) येतात. गाडीची घरघर गायब होते, फोन खिशात, फोन आला तर बोलताही येतं. बॅटरी दोन-तीन वर्षांनी जाते हे खरं, पण तितक्या दिवसांत मी तारवाले दोनदा तोडले असते.

जवारी

मीराताई, गर्दीचा मुद्दा शंभर टक्के मान्य. फक्त नॉइज कॅन्सलिंगकडून काय मिळतं ते नीट समजून घ्यावं. सतत चालणारी, खालच्या पट्टीतली घरघर ते छान खातं : गाडीची मोटर, पंखा, विमानाचं इंजिन. माणसांचे आवाज, टाळ, मोबाइलवर मोठ्याने लावलेले रील्स यांवर त्याचा जोर कमी पडतो. तिथे कान बुजवणारी टिपच कामाला येते. सकाळच्या गाडीतल्या भजनी मंडळापुढे भल्याभल्या चिपा हात टेकतात.

उलट, एटिमोटिकसारखे नळीत खोल जाणारे इनइअर काहीही बॅटरी न वापरता बाहेरचा आवाज ३५ डेसिबलच्या घरात कमी करतात, असा त्यांचा दावा आहे आणि अनुभवही जवळपास तसाच आहे. पण तीन मजली रबरी टिप इतकी आत घालणं सगळ्यांना झेपत नाही. मला झेपतं, बायकोने एकदा घातलं आणि परत हात लावला नाही.

नादखुळा_कोल्हापूर

भावांनो, आठ हजार कशाला जाळायलाय? मूनड्रॉपचे चू २ घ्या, दोन हजारांच्या आतबाहेर मिळतात. तार काढता-घालता येते. पहिल्या चूची तार पक्की होती, तुटली की विषय संपला. नाहीतर सेव्हनहर्ट्झचे झीरो २, त्यात बेस जरा जास्त, आवाज गुबगुबीत. राहिलेल्या पैशात कुटुंबाला घेऊन पन्हाळ्याला जावा, झुणका-भाकर खावा.

मी आधी दहा हजारांचे वापरलेत, आता चू २ वर आहे. फरक हाय का? हाय. आठ हजारांचा हाय का? नाय.

खवचट_काका

नादखुळा यांच्याशी सहमत. विशेषतः पन्हाळ्याच्या भागाशी.

रियाझी

मी तबला शिकवतो, त्यामुळे माझं ऐकणं थोडं वाकडं आहे असं धरून वाचा.

जुन्या ध्वनिमुद्रणांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. ७८ गतीच्या तबकड्यांमध्ये वरचे सूर मुळातच थोडे. १९२५ च्या आधी तर मायक्रोफोनच नव्हता, गायक भोंग्यात गात आणि तो जोर सुईपर्यंत जाई. अशा ध्वनिमुद्रणाला तुम्ही चकचकीत, वरचे सूर उठवणारे इनइअर लावलेत तर वाढते ती फक्त खरखर. शिवाय ती एका वाहिनीची मुद्रणं. सगळं डोक्याच्या बरोबर मधोमध ऐकू येतं आणि तुम्ही कितीही महाग 'साउंडस्टेज' विकत घेतलात तरी गायक डाव्या-उजव्या बाजूला सरकणार नाही. ज्यांचं बरंचसं ऐकणं असं आहे त्यांनी किंचित ऊबदार, मऊ आवाजाचे घ्यावेत. फायनलचे ई ३००० मी याच कामाला ठेवले आहेत. त्यांत कंठसंगीत फार मायाळू लागतं. दोष दोन : मागे जाळी असल्याने बाहेरचा आवाज आत येतो, आणि तार पक्की बसवलेली. लोकलसाठी मी ते सुचवणार नाही. रात्री घरी ऐकायला सुचवेन.

आपल्याला माहीत असलेल्याच मुद्रणावर निवड करा. मी एक द्रुत तीनतालातलं घेतो. दायाच्या किनारीचा 'ना' कोरडा तुटक येतो की त्याला शेपूट राहते, आणि त्याच वेळी बायाची मींड सुटी ऐकू येते का, एवढंच बघतो. दुकानदाराने लावलेल्या गाण्यावर कधीही ठरवू नये. त्याने ते गाणं विकायलाच निवडलेलं असतं.

डॉ_कर्णिका

कान-नाक-घसा हेच माझं काम असल्याने दोन गोष्टी सांगते.

जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी धरलेली मर्यादा आठवड्याला ४० तास, ८० डेसिबलपर्यंत. त्यावर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो : ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५. लोकलमध्ये लोक गोंगाटावर मात करायला आवाज वाढवतात, तेव्हा आकडा कुठे जातो ते त्यांना कळत नाही, कारण गोंगाटात तो मोठा वाटतच नाही. त्यामुळे वर जवारी जे फट बुजवण्याबद्दल म्हणाले ते आवाजाच्या दर्जासाठी असेल, मी ते कानाच्या आयुष्यासाठी म्हणते. बाहेरचं कमी आत आलं तर आतलं कमी ठेवता येतं. उतरल्यावर कानात शीळ वाजत राहिली किंवा समोरच्याचं बोलणं दबलेलं वाटलं, तर तो इशारा समजा.

दुसरं, पावसाळा. जून ते सप्टेंबर आमच्याकडे कानातल्या बुरशीचे रुग्ण वाढतात. ओल्या कानात टिप घालून तासभर बंद ठेवणं म्हणजे तिला आमंत्रणच. कान कोरडा करून मगच घाला, टिप्स आठवड्यातून एकदा काढून साबणाच्या पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळू द्या. एकमेकांचे वापरू नका. मळ काढायला कानात काडी तर मुळीच घालू नका, ती मळ आत ढकलते आणि मग इनइअर त्याला आणखी ठासतात.

रूळ ओलांडताना काय करायचं ते मी सांगायला नको.

बदलापूरकर

सगळ्यांचे आभार, एवढं अपेक्षित नव्हतं. डॉक्टर, शीळ वाजत नाही, पण आवाज वाढवतो हे खरं आहे.

आता डाँगलचं (जॅक नसलेल्या फोनला तार जोडायच्या तुकड्याचं) सांगा. २०० रुपयांचाही मिळतो आणि दहा हजारांचाही. नक्की काय बघायचं? मावशीचा मुलगा जर्मनीत आहे, तो अ‍ॅपलचा घेऊन येतो म्हणतोय.

म्युनिकचा_मावळा

थांबवा त्याला! युरोपात विकला जाणारा अ‍ॅपलचा सी-टाइप डाँगल मुद्दाम दबका केलेला आहे. अमेरिकेतला साधारण १ व्होल्टपर्यंत देतो, आमच्याकडचा ०.५ च्या आसपास अडतो. इथल्या आवाजमर्यादेच्या नियमांमुळे. दिसायला दोन्ही सारखेच.

आणि तुमचा फोन अँड्रॉइड आहे म्हणता, तर अमेरिकेतला आणला तरी भानगड आहे. बऱ्याच अँड्रॉइड फोनांवर तो डाँगल पूर्ण आवाजाला जातच नाही, कारण त्याच्या आतला आवाजाचा काटा फोन वर नेत नाही. आयफोनवर आणि लॅपटॉपवर तोच डाँगल सोन्यासारखा आहे, या किमतीत त्याला तोड नाही. अँड्रॉइडवाल्यांनी जेकॅली किंवा फिओचा केए ११ बघावा.

जवारी

मावळे बरोबर सांगतायत. २०० रुपयांच्यात एक खोच आहे : काहींच्या आत डॅक (फोनमधला डिजिटल आवाज अ‍ॅनालॉग करणारी चिप) नसतोच, नुसती तार असते. ज्या फोनमधून सी-टाइपवर सरळ अ‍ॅनालॉग आवाज बाहेर येतो त्यालाच तो चालतो, बाकीच्यांना 'जोडलेले उपकरण चालत नाही' असा निरोप. विकत घेताना 'डॅक आहे का' हे विचारून घ्या.

आणि दहा हजारांच्या डॅकचं खूळ घेऊ नका. आपण ज्या इनइअरांबद्दल बोलतोय ते चिमूटभर विजेवर वाजतात. हजार-पंधराशेच्या डाँगलपुढे जो फरक पडतो तो आवाजात कमी आणि हिशेबात जास्त दिसतो. अपवाद म्हणजे ई ३००० सारखे, त्यांना थोडा जोर जास्त लागतो, पण तेही डाँगलवर पुरेसे वाजतात.

खवचट_काका

मघापासून एक शंका. कुठला सूर किती जोरात येतो त्याचे आलेख बघून हेडफोन घेणारी मंडळी जेवायला गेली की आमटीचा आलेख मागतात का?

जवारी

काका, कधीतरी मागून बघा, आमटी सुधारेल. :)

आलेखाचा उपयोग आहे, फक्त मर्यादित. स्क्विगलिंकसारख्या ठिकाणी शेकडो इनइअरांची मोजमापं एकावर एक ठेवून बघता येतात. तुमच्याकडे जे आधीपासून आहे आणि ज्याच्या खोडी तुम्हाला पाठ आहेत त्याची रेघ आधी लावा, मग नव्याची. नवं कुठे वर आणि कुठे खाली आहे ते दिसतं. नुसत्या हर्मन टार्गेटशी तुलना करून गुण देऊ नका. ती रेघ अनेक श्रोत्यांची आवड तपासून केलेली आहे, इनइअरची रेघ २०१९ ची, आणि त्यात खालचा उठाव भरपूर आहे. पॉप ऐकणाऱ्याला तो आवडतो. विलंबित ऐकणाऱ्याला आवडेलच असं नाही. आणि ८००० हर्ट्झच्या पुढे मोजमापाच्या यंत्रावर आणि आपल्या कानात इतका फरक पडतो की तिथल्या शिखरांवरून भांडण्यात अर्थ नाही.

आलेख जे दाखवत नाही ते कानात घातल्याशिवाय कळत नाही : इनइअरची कानात जाणारी नळी किती जाड, कवच कानाच्या वाटीत टोचतं का, तार कपड्याला घासली की त्याचा खरखराट आत येतो का. तार कानावरून मागे घेऊन घातली की हा शेवटचा त्रास बराच कमी होतो.

अश्विनी_सांगली

नळीवरून आठवलं. हे सगळं पुरुषांच्या कानांवर बसवून बनवतात की काय! माझे कान लहान आहेत. ट्रुथइअरचे झीरो रेड सगळीकडे वाखाणलेले म्हणून मैत्रिणीचे घालून पाहिले. आवाज सुंदर, पण नळी इतकी जाड की दोन गाण्यांत कान दुखायला लागला. सगळ्यात लहान टिपही त्या जाड नळीवर ताणून फुगते. शेवटी सेनहायझरचे आयई २०० घेतले. अगदी इवलेसे आहेत, घालून झोपता येतं. पण ते तुमच्या खर्चात बसणार नाहीत, दहाच्या पुढे जातात. आणि त्यांची तार बदलायची तर जोड आत खोल आहे, बाजारातली कुठलीही बसत नाही.

लहान कान असलेल्यांनी परीक्षणात फक्त नळीची जाडी शोधा. बाकी नंतर.

रियाझी

आयई २०० माझ्याही कानात गेलेत एकदा. त्यांच्या नळीवर टिप दोन जागी बसते, थोडी आत आणि थोडी बाहेर, आणि बेस त्याप्रमाणे बदलतो. बहुतेकांना हे ठाऊकच नसतं. अवांतर : सेनहायझरचा हा घरगुती धंदा २०२२ पासून स्वित्झर्लंडच्या सोनोव्हाकडे आहे, आणि ती मुळात श्रवणयंत्रं करणारी कंपनी.

जवारी

रच्याकने (जाता जाता), हे नातं जुनं आहे. इनइअरमध्ये जो 'बॅलन्स्ड आर्मेचर' (ड्रायव्हरचा, म्हणजे आवाज काढणाऱ्या भागाचा एक प्रकार) असतो तो आला श्रवणयंत्रांतूनच. एटिमोटिकने १९९१ मध्ये ईआर-४ काढले तेव्हा तोच वापरला होता. इवला, अचूक, पण एकट्याने खोल बेस द्यायला जड जातं. म्हणून आता खालच्या सुरांना एक डायनॅमिक (साध्या स्पीकरसारखा, पडद्याचा) आणि वरच्यांना आर्मेचर अशी मिसळ करतात. पण ड्रायव्हर मोजून हेडफोन घेऊ नका. एका बाजूला सहा ड्रायव्हर असलेलं स्वस्तातलं इनइअर हे एका ड्रायव्हरच्या नीट जुळवलेल्यापुढे अनेकदा हरतं.

आता नावं. लोकल, ख्याल, जुनी मुद्रणं आणि बाया, एवढं धरून माझी पसंती ट्रुथइअर हेक्सा. एक डायनॅमिक, तीन आर्मेचर, आवाज सरळ, बेस आटोपशीर, कंठ पुढे. साधारण सात-आठ हजार. नापसंतीही सांगतो : कवच कोनाड्याचं आहे, काहींच्या कानाला टोचतं, आणि हिंदी गाण्यांवर ते थोडं कोरडं वाटू शकतं. झीरो रेड पाचाच्या आसपास. त्यासोबत १० ओहमचा एक छोटा जोड येतो, तो लावला की बेस वाढतो. म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी लावायचा, सोमवारी काढायचा. पण अश्विनीताई म्हणतात ती जाड नळी खरीच आहे. सिमगॉट ईडब्ल्यू २०० लोक फार सुचवतात, तपशील भरपूर देतं, पण वर चकचकीत आहे. तुमच्या तबकड्यांना नको.

मीरा_ठाणे

आणि आवाज थोडाफार आवडला नाही तर इक्वलायझर आहेच की. अँड्रॉइडवर वेव्हलेट नावाचं अ‍ॅप आहे, त्यात हजारो हेडफोनांची तयार दुरुस्ती असते. मी माझ्या टीडब्ल्यूएसला लावते, फरक ऐकू येतो. आयफोनवर सगळ्या अ‍ॅपना लागू होईल असा मोकळा इक्वलायझर नाही, हे तिथल्या लोकांचं दुखणं.

नादखुळा_कोल्हापूर

मीराताईंनी माझंच काम केलं. दोन हजारांचं चू २ आणि फुकटचं वेव्हलेट. मी परत पन्हाळा म्हणत नाही.

जवारी

नादखुळा, खरं सांगू का, तुमचं म्हणणं मला खोडता येत नाही. बदलापूरकरांनी फक्त बेस-ट्रेबलचा तोल विकत घ्यायचा असेल तर इक्वलायझर तो देतो. जास्तीच्या पाच हजारांत मिळतं ते थोडं वेगळं : जोडीतल्या दोन्ही बाजू एकसारख्या असण्याची जास्त खात्री, बरी तार, आणि पखवाज, झांजा, पेटी एकत्र वाजताना जी सुटसुट राहते ती. ज्याला ती ऐकू येत नाही त्याने दोन हजारांत आनंदाने थांबावं. दहाच्या पुढे मात्र माझ्या कानाला मिळतं ते इतकं बारीक की लोकलमध्ये त्याचा काही उपयोग नाही.

विदर्भवीर

राजेहो, ब्लूटूथचं एलडॅक नावाचं कोडेक (आवाज दाबून पाठवायची रीत) की काय ते असलं तर तारेची गरज काय मंग? ९९० केबीपीएस देते म्हणतात.

जवारी

देतं, पण सिग्नल स्वच्छ असेल तेव्हा. गर्दीच्या डब्यात शंभर लोकांची ब्लूटूथं चालू असतात, फोन मग आपोआप ६६० किंवा ३३० वर उतरतो, नाहीतर आवाज तुटतो. आयफोनला एलडॅक मुळातच नाही, तिथे एएसी. खरं बोलायचं तर चांगल्या एएसी आणि एलडॅकमधला फरक लोकलमध्ये ओळखणारा माणूस मला भेटायचा आहे. ब्लूटूथवर आक्षेप घ्यायचा तर बॅटरीवर घ्यावा, कोडेकवर कशाला.

बदलापूरकर

कार्यालयातल्या एका सहकाऱ्याकडे झीरो रेड आणि हेक्सा दोन्ही निघाले. (असा माणूस शेजारच्या टेबलावर बसतो हे इतकी वर्षं माहीत नव्हतं.) जेवणाच्या सुट्टीत माझ्याच टिप्स लावून दोन्ही ऐकले, आणि रियाझी म्हणाले तसं माझ्याच ओळखीच्या मुद्रणावर. झीरो रेड मलाही आत ताठरल्यासारखे वाटले. हेक्सा कोनेदार असूनही त्रास झाला नाही. विलंबितात दोन्ही तानपुरे वेगवेगळे कळले. हिंदी गाण्यांत थोडी कोरड आहे, ती कबूल. मीराताईंचं वेव्हलेट लावून बघेन.

हेक्सा मागवले. डाँगल फिओचा. मावशीच्या मुलाला चॉकलेटं आणायला सांगितलं.

रियाझी

उत्तम. बाया कसा वाटला ते सांगितलं नाहीत?

बदलापूरकर

बाया आहे, मींड स्पष्ट ऐकू येते, पण पोटात जाणवणारा घुमारा कमी आहे. तो मला बैठकीत समोर बसल्यावरच मिळतो, इनइअरकडून ती अपेक्षा सोडली.

कोकणस्थ_नाही

वाखुसा (वाचनखूण साठवली). एक शंका. माझ्या दोन वर्षं जुन्या इनइअरचा उजव्या बाजूचा आवाज हळूहळू कमी झाला. फेकावं का? बुधवार पेठेत तपकीर गल्लीत दाखवलं तर ड्रायव्हर गेलाय म्हणाले.

जवारी

फेकू नका. आधी टिप काढून नळीच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी उजेडात बघा. निम्म्या वेळा ती मळाने बुजलेली असते. कोरड्या मऊ ब्रशने, नळी खाली धरून साफ करा, म्हणजे सुटलेला मळ आत न जाता खाली पडेल. द्रव आत घालू नका. पावसाळ्यात आत दमट झाली तरी आवाज पडतो. सिलिका जेलच्या पुडीसोबत बंद डबीत रात्रभर ठेवा, अनेकदा परत येतो. तार सुटी होत असेल तर डावी-उजवी तार बदलून लावा. गडबड तारेबरोबर दुसऱ्या बाजूला गेली तर दोष तारेत आहे, ड्रायव्हर शाबूत आहे. नवी तार घेताना आपला जोड ०.७८ मिलिमीटरचा दोन पिनांचा आहे की गोल एमएमसीएक्स, ते बघून घ्या. एक दुसऱ्याला बसत नाही.

कोकणस्थ_नाही

जाळीच होती! पूर्ण बुजलेली. दंडवत घ्या.

डॉक्टर, जाता जाता आणखी एक. आईला हल्ली कमी ऐकू येतं, टीव्ही फार मोठा लावते. तिला श्रवणयंत्र नको आहे, लाज वाटते म्हणते. असे काही इनइअर चालतील का?

डॉ_कर्णिका

साधे इनइअर नाहीत. ते सगळाच आवाज एकसारखा वाढवतात, आणि वयाने कमी झालेलं ऐकणं बहुधा वरच्या सुरांत जास्त गेलेलं असतं. शब्दांतले 'स', 'श', 'फ' तिथेच हरवतात. २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने एअरपॉड्स प्रो २ मधल्या श्रवणयंत्राच्या सोयीला परवानगी दिली आहे, पण ती १८ वर्षांवरच्या, सौम्य ते मध्यम कमतरता असलेल्यांसाठी. आईची कमतरता कितीची आहे ते आज तुम्हाला माहीत नाही. आधी तपासून घ्या, कधीकधी नुसता मळ निघतो आणि प्रश्न मिटतो. मळ नसेल तर ऑडिओग्राम करा. तो हातात आला की नवीन धागा काढा, मी येते तिकडे.